आघाततरंगाखालील हायड्रोजन आणि ड्यूटेरियम: वेगांपासून घनतेपर्यंत पोहोचण्याची पद्धत

द्रवरूप ड्यूटेरियममधून, म्हणजे हायड्रोजनच्या दुप्पट जड समस्थानिकातून, अतितीव्र आघाततरंग सोडला, तर काही अब्जांश सेकंदांत त्याचा दाब वातावरणाच्या दहा लाख पटींपर्यंत चढतो, त्याचे रेणू तुटतात, इलेक्ट्रॉन मोकळे होऊ लागतात आणि काचेसारखा पारदर्शक असलेला द्रव धातूसारखा चकाकू लागतो. या अवस्थेत त्याची घनता मूळ घनतेच्या किती पट झाली, हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचे उत्तर चार की सहा यावर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ दशकभर वाद चालला. या वादाचे मूळ समजून घेतल्याशिवाय हायड्रोजनच्या समस्थानिकांवरील कोणत्याही आघातप्रयोगाचे आकडे नीट वाचता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात प्रयोगाची मांडणी, मोजमाप, गणित आणि त्रुटींचा हिशेब या क्रमाने पुढे जाऊ. पदार्थविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमातील यामिकी आणि ऊष्मागतिकी येत असेल, तर हातातल्या गणकयंत्रावर यातील प्रत्येक आकडा तपासता येईल, आणि तो वाचकाने तपासावा अशी माझी विनंती आहे.

प्रारंभिक स्थिती आधी पक्की करा

आघातप्रयोगात ज्याला ह्यूगोनिओ वक्र म्हणतात, तो पदार्थाचा एकमेव, सर्वकालीन वक्र नसतो. एका ठराविक प्रारंभिक स्थितीतून निघून एकाच आघाताने गाठता येणाऱ्या सर्व अंतिम स्थितींचा तो संच असतो. प्रारंभिक घनता बदलली की वक्रही बदलतो. त्यामुळे तरंगाचा विचार करण्याआधी पात्रातील द्रवाचे तापमान आणि घनता यांची नोंद करावी लागते.

ड्यूटेरियमचा त्रिक बिंदू १८.७ केल्विनच्या आसपास आणि सामान्य दाबाखालील उत्कलनबिंदू २३.७ केल्विनच्या आसपास आहे. या पाच अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात द्रवाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.१७४ ग्रॅमपासून ०.१६२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात टक्क्यांनी उतरते. एका केल्विनची चूक म्हणजे घनतेत साधारण सव्वा ते दीड टक्क्याची चूक, आणि ती दाबाच्या उत्तरात जशीच्या तशी उतरते. बहुतेक प्रयोग २० केल्विनच्या जवळ होतात. तेथे ड्यूटेरियमची घनता ०.१७१ आणि साध्या हायड्रोजनची ०.०७१ धरता येते. पात्राच्या भिंतीचे तापमान आणि द्रवाचे तापमान एकच आहे असे गृहीत धरू नये. तापमापक द्रवाला जितका जवळ, तितका उत्तराचा पाया घट्ट.

नवशिक्याला ऑर्थो आणि पॅरा या (रेणूतील दोन केंद्रकांच्या परिवलनाच्या दिशांवरून पडणाऱ्या) रूपांचीही चिंता वाटते. सामान्य तापमानाच्या हायड्रोजनमध्ये तीन भाग ऑर्थो आणि एक भाग पॅरा असतो, आणि थंडीत ऑर्थोचे पॅरामध्ये सावकाश रूपांतर होताना इतकी उष्णता बाहेर पडते की साठवलेला द्रव उकळू शकतो. द्रव भरताना आणि टिकवताना ही बाब गंभीरपणे घ्यावी लागते. आघाताच्या ऊर्जेसमोर मात्र ती नगण्य आहे: रूपांतराची ऊर्जा दर किलोला अर्ध्या मेगाज्यूलच्या घरात असते, तर पुढच्या उदाहरणातील आघाताची ऊर्जा दोनशे मेगाज्यूलच्या वर जाते.

कोणता समस्थानिक निवडावा

एकाच प्रेरक साधनाने अधिक घनतेच्या द्रवात अधिक दाब निर्माण होतो. ड्यूटेरियमची घनता साध्या हायड्रोजनच्या सुमारे २.४ पट असल्यामुळे तोच लेसर किंवा तीच धडकणारी चकती त्यात जास्त दाब देते. शिवाय ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही आणि संलयन इंधनाचा अर्धा भाग तेच असल्यामुळे त्याच्या मोजमापाला थेट उपयोग आहे. या कारणांमुळे उच्च दाबाची बहुतांश एकल-आघात मोजमापे ड्यूटेरियमवर झाली आहेत.

ट्रिटियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. क्षय होताना बाहेर पडणाऱ्या बीटा कणांमुळे दर ग्रॅममागे सुमारे एक तृतीयांश वॉट उष्णता सतत निर्माण होते आणि त्यात हेलियम-३ साचत जाते. वीस केल्विनच्या द्रवासाठी ही उष्णता क्षुल्लक नाही, आणि मिसळत जाणारे हेलियम प्रारंभिक रचनाही बदलते. म्हणून ट्रिटियमयुक्त इंधनाचे गुणधर्म बव्हंशी ड्यूटेरियमच्या मोजमापांवरून वस्तुमानाचे प्रमाण लावून काढले जातात. संलयन लक्ष्यांत लागोपाठच्या आघातांची वेळ जुळवतानाही इंधनाच्या जागी द्रव ड्यूटेरियम भरून मोजमाप करण्याची पद्धत आहे. हे प्रमाण कधी चालते आणि कधी चालत नाही, ते पुढे पाहू.

दोन वेग मोजा

मोजायच्या राशी दोनच आहेत. पहिली म्हणजे तरंगवेग, म्हणजे आघाताची आघाडी स्थिर द्रवात ज्या वेगाने पुढे सरकते तो वेग. दुसरी म्हणजे कणवेग, म्हणजे आघाडी ओलांडून गेल्यावर मागे राहिलेले द्रव्य ज्या वेगाने पुढे ढकलले जाते तो वेग. यालाच दट्ट्याचा वेग समजावे. घनता, दाब आणि ऊर्जा या तिन्ही राशी प्रारंभिक घनता आणि हे दोन वेग यांतून गणिताने निघतात. घनता कोणीही तराजूत घालून पाहिलेली नसते, हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवले तर निम्मे काम झाले.

तरंगवेग मोजण्यासाठी आज प्रामुख्याने डॉप्लर तत्त्वावरचा वेगमापी व्यतिकरणमापी वापरतात. त्याला व्हिसार म्हणतात आणि तो सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत बार्कर आणि होलेनबाख यांनी १९७२ मध्ये मांडला. सुमारे ५० गिगापास्कलच्या वर ड्यूटेरियममधील आघाडी स्वतःच आरशासारखी परावर्तक होते, त्यामुळे लेसरचा किरण पुढच्या थंड, पारदर्शक द्रवातून जाऊन थेट आघाडीवरून परततो आणि वेगाचा क्षणोक्षणीचा आलेख मिळतो. येथे दोन दक्षता घ्याव्या लागतात. किरण द्रवातून प्रवास करत असल्यामुळे दिसणारा वेग द्रवाच्या अपवर्तनांकाने भागावा लागतो. द्रव ड्यूटेरियमसाठी तो हिरव्या प्रकाशात सुमारे १.१४ आहे, आणि भागाकार विसरल्यास वेग चौदा टक्क्यांनी फुगतो. दुसरी दक्षता अशी की आघाडी एका थरातून दुसऱ्या थरात शिरते त्या क्षणी व्यतिकरण पट्टे एकदम उडी मारतात आणि नेमके किती पूर्ण पट्टे सरकले हे एका उपकरणावरून कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या संवेदनशीलतेची दोन उपकरणे एकाच वेळी लावतात. दोन्हींना एकच वेग देणारी पट्ट्यांची संख्या साधारणतः एकच असते. दुसरे उपकरण नसलेल्या प्रयोगाच्या निष्कर्षांकडे मी नेहमी सावधपणे पाहतो.

कमी दाबाला आघाडी परावर्तक नसते. तेव्हा किरण दाबलेल्या द्रवातून आरपार जाऊन मागच्या धातूच्या पृष्ठभागावरून परततो आणि दाबलेल्या द्रवाचा अपवर्तनांकही गणितात घ्यावा लागतो.

कणवेग मिळवणे अधिक अवघड आहे, आणि सारा वाद तेथेच घडला. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग थेट पाहण्याचा: क्ष-किरणांनी बाजूने छायाचित्र घेऊन ढकलणारा धातू आणि द्रव यांची सीमा किती सरकली हे मोजायचे. दुसरा मार्ग रोध-जुळणीचा: आघाततरंग आधी ज्याचे वर्तन चांगले ठाऊक आहे अशा मानक पदार्थातून, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम किंवा क्वार्ट्झमधून, पाठवायचा आणि मग तो ड्यूटेरियममध्ये शिरू द्यायचा.

रोध-जुळणी कागदावर कशी करावी

एक आलेख घ्या. आडव्या अक्षावर कणवेग आणि उभ्या अक्षावर दाब. मानक पदार्थातला तरंगवेग सीमेच्या अगदी अलीकडे मोजला, की त्या पदार्थाच्या ज्ञात ह्यूगोनिओ वक्रावर एक बिंदू मिळतो. ड्यूटेरियम मानकापेक्षा फारच हलके असल्यामुळे सीमेवर मानक पदार्थाचा दाब एकदम उतरतो आणि तो मोकळा होत पुढे झेपावतो. म्हणून त्या बिंदूपासून उजवीकडे खाली उतरणारा शिथिलीकरणाचा वक्र काढा. आता आरंभबिंदूपासून एक सरळ रेषा काढा, जिचा चढ ड्यूटेरियमची प्रारंभिक घनता आणि त्यात मोजलेला तरंगवेग यांच्या गुणाकाराइतका असेल. सीमेच्या दोन्ही बाजूंना दाब आणि कणवेग सारखेच असायला हवेत, म्हणून वक्र आणि रेषा जेथे छेदतात तोच ड्यूटेरियमचा कणवेग आणि दाब.

ही आकृती मोहक आहे, पण तिचा कमकुवत दुवा शिथिलीकरणाचा वक्र हा आहे. मानकातील दाब ड्यूटेरियममधील दाबाच्या कित्येक पट असतो, म्हणजे वक्र फार लांबवर उतरत जातो, आणि त्या वाटेवर मानकाच्या अवस्था समीकरणातील, म्हणजे दाब, घनता आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या संबंधातील, प्रत्येक चूक कणवेगात जमा होते. क्वार्ट्झ पसंत केला जातो तो त्याच्या पारदर्शकपणामुळे: सुमारे १०० गिगापास्कलच्या वर त्यातली आघाडीही परावर्तक होते, त्यामुळे सीमेपर्यंतचा तिचा वेग सलग दिसतो. अपारदर्शक ॲल्युमिनियममध्ये फक्त येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा मिळतात आणि सरासरी वेगावर समाधान मानावे लागते. लेसरने चालवलेला आघात प्रवासात मंदावत असेल, तर सरासरी आणि सीमेवरचा वेग यांत लक्षणीय फरक पडतो.

चकती धडकवण्याच्या पद्धतीला एक मोठा फायदा आहे. ॲल्युमिनियमची चकती ॲल्युमिनियमच्याच स्थिर पट्टीवर आदळली, तर सममितीमुळे पट्टीतील कणवेग चकतीच्या वेगाच्या बरोबर निम्मा होतो, आणि त्यासाठी कोणत्याही अवस्था समीकरणाची गरज लागत नाही. अट एवढीच की चकतीचा आदळणारा थर घन आणि थंड राहिलेला असावा. विद्युतप्रवाहाच्या चुंबकीय दाबाने उडवलेल्या चकतीचा मागचा भाग वितळलेला असतो, म्हणून पुढचा थर किती जाड उरला हे आधी निश्चित करावे लागते.

आता आकडे घालून पाहू

दोन हजार शब्दांपेक्षा एक सोडवलेले उदाहरण अधिक शिकवते. पुढचे आकडे एखाद्या विशिष्ट प्रयोगाचे नाहीत, पण प्रत्यक्ष मोजमापांच्या जवळचे आहेत. प्रारंभिक घनता दर घनमीटरला १७१ किलो, तरंगवेग सेकंदाला २७.५ किलोमीटर आणि कणवेग २१.२ किलोमीटर धरू.

संवेगाच्या अक्षय्यतेवरून दाब म्हणजे प्रारंभिक घनता गुणिले तरंगवेग गुणिले कणवेग. एककांचे भान ठेवून गुणाकार केला तर ९९.७ गिगापास्कल येतात, म्हणजे जवळजवळ दहा लाख वातावरणे.

वस्तुमानाच्या अक्षय्यतेवरून घनतेची वाढ म्हणजे तरंगवेग भागिले तरंगवेग आणि कणवेग यांची वजाबाकी. वजाबाकी ६.३ येते, २७.५ ला तिने भागले की ४.३७ मिळतात. घनता झाली दर घनमीटरला सुमारे ७४६ किलो, पाण्याच्या पाऊणपट. अणूंमधले सरासरी अंतर सुमारे १.६५ अँगस्ट्रॉमवर आले. एकट्या रेणूतील दोन अणू एकमेकांपासून ०.७४ अँगस्ट्रॉमवर असतात, हे ध्यानात घेतले तर येथे ‘रेणू’ आणि ‘शेजारी’ हा भेद किती पुसट झाला आहे हे कळते.

ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून, प्रारंभिक दाब नगण्य असताना, आंतरिक ऊर्जेतील वाढ कणवेगाच्या वर्गाच्या निम्मी असते. दट्ट्याने केलेल्या कामाचा अर्धा भाग द्रवाच्या एकत्रित गतीत जातो आणि अर्धा त्याच्या अंतरंगात. आपल्या उदाहरणात हा आकडा दर किलोला सुमारे २२५ मेगाज्यूल, म्हणजे दर अणूला सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. ड्यूटेरियमचा रेणू तोडायला ४.५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दर अणूला २.२८ लागतात. म्हणजे आघाताने दिलेल्या ऊर्जेच्या जवळपास निम्मा भाग केवळ रेणू तोडण्यासाठी पुरेसा आहे. हायड्रोजनचे आघातवर्तन इतर द्रवांहून निराळे का, याचे उत्तर बव्हंशी या एका तुलनेत आहे.

चुकीचा गुणाकार कसा होतो

घनतेचे सूत्र पुन्हा पाहा. छेदस्थानी दोन मोठ्या आणि एकमेकांच्या जवळच्या आकड्यांची वजाबाकी आहे. थोडे कलन केले तर असे दिसते की घनतेतील सापेक्ष चूक ही कणवेगातील सापेक्ष चुकीच्या ‘दाटीची पट वजा एक’ इतक्या पट होते; दाटीची पट म्हणजे घनता मूळ घनतेच्या जितकी पट झाली तो आकडा. दाटी ४.३७ पट असेल तर कणवेगातील एक टक्का चूक घनतेत जवळजवळ ३.४ टक्के होते. दाटी सहा पट असेल तर पाच टक्के. तरंगवेगातील चूकही तितक्याच पटींनी, पण उलट दिशेने वाढते. पदार्थ जितका अधिक दाबला जाणारा, तितके त्याचे मोजमाप अधिक निसरडे.

आता आपल्याच उदाहरणात विचारू: तरंगवेग तोच ठेवून दाटी सहा पट यायला कणवेग किती हवा? उत्तर २२.९. म्हणजे २१.२ आणि २२.९ यांच्यातला जेमतेम आठ टक्क्यांचा फरक म्हणजे चार आणि सहा यांच्यामधला अख्खा वाद.

हा वाद असा घडला. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील नोव्हा लेसरवर क्ष-किरण छायाचित्रणाच्या थेट मार्गाने केलेल्या आणि १९९७ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत १०० गिगापास्कलच्या आसपास घनता सुमारे सहा पट झाल्याचे दिसले. त्या वेळच्या प्रचलित कोष्टकांपेक्षा हे फार जास्त होते. २००१ मध्ये सँडियातील झेड यंत्रावर चुंबकीय दाबाने उडवलेल्या चकत्या वापरून नडसन आणि सहकाऱ्यांनी तोच दाबपट्टा मोजला तेव्हा दाटी सुमारे ४.३ पट आली. रशियातील सारोव्ह येथे अर्धगोलाकार अभिसारी स्फोटक योजनांनी घेतलेली मोजमापे झेडच्या बाजूने उभी राहिली, आणि पथ-समाकलन माँटे कार्लो तसेच घनता-फलन सिद्धांतावरील रेणुगतिकीची गणितेही चारच्या थोडे वर स्थिरावली. पुढे रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर क्वार्ट्झ मानक वापरून मोजमापे झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११० गिगापास्कलच्या वर त्यांत अजूनही काहीशी जास्त दाटी दिसत होती. त्याच वर्षी झेडवर क्वार्ट्झचाच ह्यूगोनिओ नव्याने, अधिक अचूकपणे मोजला गेला, आणि त्या नव्या मानकाने लेसरचे आकडे पुन्हा काढल्यावर ती जादा दाटीही बरीच ओसरली. म्हणजे ड्यूटेरियममधल्या वेगांना हात न लावता, केवळ मानकाची दुरुस्ती केल्याने ड्यूटेरियमची घनता बदलली. २०१७ मध्ये झेडवरच केलेल्या अतिअचूक मोजमापांत दाटीचे शिखर साडेचारच्या जवळ मिळाले.

स्वतंत्र पडताळा घेण्याचा एक सुरेख मार्ग याच काळात वापरला गेला. द्रवाच्या थराच्या पलीकडच्या टोकाला नीलमण्याची खिडकी ठेवली, तर पहिला आघात तेथून परततो आणि पुन्हा ढकलणाऱ्या धातूपर्यंत जातो. पहिल्या प्रवासाला आणि परतीच्या प्रवासाला लागलेल्या वेळांचे गुणोत्तर दाबलेला थर किती पातळ झाला यावर अवलंबून असते, आणि ते दाटीच्या बाबतीत मूळ पद्धतीपेक्षा निराळ्या रीतीने संवेदनशील असते. स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी असा एक तरी पडताळा योजावा.

उत्तर शक्य कोटीतले आहे का, ते तपासा

आलेला आकडा भौतिकदृष्ट्या पटतो का, हे पाहण्यासाठी एक फार उपयोगी संबंध आहे, आणि तो मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. एकअणू आदर्श वायूला एकाच आघाताने चारपटीपेक्षा जास्त दाबता येत नाही, हे पाठ्यपुस्तकांतून माहीत असते. केंद्रके आणि इलेक्ट्रॉन यांच्यात फक्त कूलॉम बले असलेल्या समूहाला विरियल प्रमेय लावून ते ऊर्जेच्या अक्षय्यतेशी जोडले, तर मर्यादा नव्हे, तर नेमके समीकरण मिळते: दाटीची पट म्हणजे चार अधिक कूलॉम स्थितिज ऊर्जेतील वाढ भागिले दाब आणि आकारमान यांचा गुणाकार. स्थितिज ऊर्जा वाढली तर दाटी चारच्या वर जाते, घटली तर चारच्या खाली.

आपल्या उदाहरणात दाब आणि आकारमान यांचा गुणाकार दर अणूला सुमारे २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. प्रत्येक रेणू तुटून अणू एकमेकांपासून पूर्ण वेगळे झाले असे मानले, तर स्थितिज ऊर्जा विघटनऊर्जेच्या दुप्पट, म्हणजे दर अणूला ४.५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वाढते आणि दाटी सुमारे ५.६ यायला हवी. सहा पटीचा निष्कर्ष सुरुवातीला अनेकांना विश्वसनीय का वाटला, हे यातून समजते. पण प्रत्यक्ष ४.३७ साठी स्थितिज ऊर्जेतली वाढ केवळ एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरते. कारण येथे अणू सुटे राहिलेलेच नाहीत. दीड-पावणेदोन अँगस्ट्रॉमवर शेजारी असताना इलेक्ट्रॉन अनेक केंद्रकांच्या आकर्षणात एकाच वेळी राहतात, आणि रेणू तुटल्याने वाढलेल्या स्थितिज ऊर्जेचा मोठा भाग या सामूहिक आकर्षणाने परत खाली येतो. विघटन आणि आयनीभवन या वेगवेगळ्या रासायनिक क्रिया म्हणून मोजणारी प्रतिमाने या पट्ट्यात चुकतात, ती बहुधा याच कारणाने.

दाब आणखी वाढवत नेला, तर इलेक्ट्रॉन पूर्ण मोकळे झाल्यावर स्थितिज ऊर्जेतली वाढ थांबते, भाजक वाढतच राहतो आणि दाटी वरून चारकडे उतरत जाते. आपला उच्च दाबाचा बिंदू या प्रवाहाच्या विरुद्ध जात असेल, तर आधी वेगांकडे परत जावे.

समस्थानिकांची तुलना करताना

हायड्रोजन, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकसारखे वागतात; बदलते ते केंद्रकाचे वस्तुमान. दर घनसेंटिमीटरमधील अणूंची प्रारंभिक संख्या सारखी असेल आणि केंद्रकांचे पुंज परिणाम दुर्लक्षिले, तर एकाच दाबाला सर्वांची दाटी सारखी यायला हवी आणि वेग फक्त वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलायला हवेत. वस्तुमानाचे प्रमाण लावणे म्हणतात ते हेच.

अडचण अशी की प्रारंभिक संख्या सारखी नसते. हलक्या रेणूंची शून्यबिंदू हालचाल जास्त, म्हणून द्रव हायड्रोजन अधिक फुगलेला असतो: २० केल्विनला त्याचे मोलीय आकारमान सुमारे २८.४ घनसेंटिमीटर आहे, तर ड्यूटेरियमचे सुमारे २३.५. वस्तुमानाचे गुणोत्तर दोन असताना घनतेचे गुणोत्तर २.४ येते ते यामुळे. आपल्या उदाहरणातील दाब आणि दाटी हायड्रोजनमध्ये मिळवायची, तर तरंगवेग २७.५ ऐवजी जवळजवळ ४२.७ किलोमीटर लागेल. आणि सुरुवातच विरळ स्थितीतून झाल्यामुळे त्याच दाबाला तापमान व दाटी थोडी वेगळी पडते. म्हणून दोन समस्थानिकांचे वक्र एकमेकांवर ठेवून दिसलेला फरक थेट ‘पुंज परिणाम’ म्हणून जाहीर करू नये. त्यातला किती भाग निव्वळ प्रारंभिक घनतेचा आहे, हे आधी वजा करावे. ही गल्लत विद्यार्थ्यांच्या कामात वारंवार आढळते.

ही अडचण प्रयोगातूनच दूर करण्याचा मार्ग म्हणजे हिऱ्यांच्या ऐरणीत नमुना आधीच दाबून घेणे आणि मग लेसरने आघात देणे. लुबेर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या पद्धतीने हायड्रोजन आणि ड्यूटेरियम या दोघांची मोजमापे प्रसिद्ध केली. प्रारंभिक घनता मनाप्रमाणे निवडता येत असल्यामुळे एका ह्यूगोनिओऐवजी त्यांचा एक जुडगाच हाती येतो.

खरे पुंज परिणाम किती मोठे असतात, याचा अंदाज सोपा आहे. हायड्रोजनच्या रेणूची कंपनाची शून्यबिंदू ऊर्जा सुमारे ०.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि ड्यूटेरियमची ०.१९, फरक ०.०८. आपल्या १०० गिगापास्कलच्या उदाहरणात दर रेणूला नऊ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा मिळते, म्हणजे हा फरक एका टक्क्याहून कमी. पण दहा-वीस गिगापास्कलच्या पट्ट्यात, जेथे रेणू शाबूत असतात आणि तापमान काही हजार केल्विन असते, तेथे हायड्रोजनच्या कंपनांना जागे व्हायला सुमारे ६,००० केल्विन आणि ड्यूटेरियमच्या कंपनांना सुमारे ४,४०० केल्विन हे मानदंड लागू होतात. ड्यूटेरियमची कंपने आधी ऊर्जा शोषू लागतात, आणि वस्तुमानाचे साधे प्रमाण तेथे तापमानाच्या बाबतीत फसते.

तापमान वेगळे मोजावेच लागते

आघाताच्या तिन्ही समीकरणांत तापमान कोठेच येत नाही. दाब आणि घनता अचूक असूनही दोन प्रतिमाने तापमानावर कित्येक हजार केल्विननी भिन्न असू शकतात. म्हणून आघाडीतून निघणारा प्रकाश निरनिराळ्या तरंगलांबींना मोजून त्यावरून तापमान काढतात. आघाडी परावर्तक असेल तर तिचे परावर्तन मोजा. एकातून ते वजा केले की उत्सर्जकता मिळते आणि अंदाजाने धरायची एक राशी कमी होते. होम्स, रॉस आणि नेलिस यांनी १९९५ मध्ये वायुतोफेवर मोजलेले तापमान अपेक्षेपेक्षा कमी निघाले, आणि रेणू तुटण्यात ऊर्जा खर्च होत असल्याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. तापमान मोजताना नमुना आघाताआधीच तापलेला नाही ना, हेही पाहावे. लेसरच्या ज्वालेतून निघणारे क्ष-किरण आघाडीच्या पुढे धावून द्रव गरम करू शकतात आणि मग प्रारंभिक घनताच खोटी ठरते.

एका आघाताने जेथे पोहोचता येत नाही तेथे

एकच आघात घनतेपेक्षा तापमानच अधिक वाढवत नेतो; दाटी पुन्हा चारकडे उतरते, हे वर दिसलेच. दाट पण तुलनेने थंड द्रव हवा असेल, तर दाब पायऱ्यापायऱ्यांनी चढवावा लागतो. वायर, मिचेल आणि नेलिस यांनी १९९६ मध्ये दोन टप्प्यांच्या वायुतोफेने द्रव हायड्रोजनचा पातळ थर नीलमण्याच्या दोन चकत्यांमध्ये चेपला; आघात त्यांच्यामध्ये येरझारा घालत राहिला आणि दाब टप्प्याटप्प्याने चढला. १४० गिगापास्कल, सुमारे ३,००० केल्विन आणि नऊपट दाटी येथे विद्युतरोध उतरून सुमारे ५०० मायक्रो-ओम-सेंटिमीटरवर स्थिरावला, म्हणजे द्रव धातूच्या कोटीत. विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये धातुरूप हायड्रोजनचे भाकीत केले तेव्हा त्यांचा अंदाज २५ गिगापास्कलचा होता.

असे प्रयोग करणाऱ्याने हे ओळखून असावे की येथे दाब शेवटी चकतीच्या पदार्थाच्या ह्यूगोनिओवरून कळतो, पण घनता आणि तापमान बव्हंशी हायड्रोजनच्या प्रतिमानातून येतात. झेडवर २०१५ मध्ये आणि राष्ट्रीय प्रज्वलन सुविधेवर (लिव्हरमोरमधील महाकाय लेसरवर) २०१८ मध्ये द्रव ड्यूटेरियमच्या धातूकरणाची जी मोजमापे प्रसिद्ध झाली, त्यांत संक्रमणाचा दाब अनुक्रमे ३०० आणि २०० गिगापास्कलच्या आसपास सांगितला गेला. तापमान थेट मोजलेले नसून गणिताने काढलेले असल्यामुळे या दोन आकड्यांची तुलना करताना प्रत्येकाने कोणते अवस्था समीकरण वापरले हे आधी पाहावे लागते.

नोंद कशी ठेवावी

शेवटची पायरी वहीतली आहे. प्रत्येक प्रयोगासाठी द्रवाचे तापमान, त्यावरून धरलेली प्रारंभिक घनता आणि तिचा आधार, मानकातील सीमेवरचा तरंगवेग, ड्यूटेरियममधील तरंगवेग, प्रत्येकाची अनिश्चितता, वापरलेला अपवर्तनांक आणि मानकाच्या ह्यूगोनिओचे व शिथिलीकरणाचे नेमके सूत्र या गोष्टी घनता आणि दाब यांच्यापासून वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. २००९ मध्ये क्वार्ट्झचे मानक बदलले तेव्हा ज्यांनी मूळ वेग जपून ठेवले होते त्यांची मोजमापे पुन्हा गणित करून वापरता आली. पुढे मानक पुन्हा सुधारले गेले, तर तेव्हाही तेच दोन वेग कामी येतील.